गढूळचा रकाना

प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्यांना मिनिटबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट कोणी नवा माणूस येऊन अदबीनं त्यांचं नाव घेऊ लागला, की त्याच मागे वळून बघत, हा कोणाला हाक मारतोय म्हणून.

नाव पडायचं कारण त्यांचं यंत्र. खोलीच्या मधोमध गोल बुडाची सहा काचेची भांडी ओळीनं लटकवलेली. प्रत्येकात लिटरभराला थोडं कमी पाणी, अंगाच्या उबेइतकं कोमट, आणि वरून उतरलेलं एक वल्हं, मिनिटाला पंचाहत्तर फेऱ्या मारणारं. म्हणजे सहा पोटंच म्हणा ना, न कुरकुरणारी. त्यांत अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं एकेक कॅप्सूल सोडायची. मग पाचव्या, दहाव्या, पंधराव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला प्रत्येक भांड्यातून सिरिंजनं थोडं पाणी ओढायचं, बारीक गाळणीतून गाळायचं आणि बाटलीत भरायचं. गाळणीतून खाली आलं ते विरघळलं, वर अडकलं ते नाही. औषध पोटात गेल्यावर अंगी लागणार की आल्या वाटेनं निघून जाणार, याचा पहिला अंदाज त्या बाटल्या देतात. त्यासाठी प्रत्येक थेंब आपल्या मिनिटाला निघायला हवा. मिनिटबाई सत्तावीस वर्षं तो काढत होत्या. यंत्र चालू असताना आग लागली तरी या आधी तिसाव्या मिनिटाचा नमुना काढतील आणि मग पळतील, असं सगळे म्हणत. त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

बाटल्या भरल्या की शेवटचं काम. एका काळ्या खोक्यात पांढरा दिवा होता. प्रत्येक बाटली त्याच्या झोतात धरायची, निरखायची, कागदावरच्या दोन रकान्यांपैकी एकात टिक करायची आणि शेवटी खाली सही करायची. पहिला रकाना 'पारदर्शक', दुसरा 'गढूळ'. गढूळवर टिक करायची वेळ सत्तावीस वर्षांत फार तर दहाबारा वेळा आली असेल, गाळणी फाटकी निघाली तेव्हा. गेल्या दोन वर्षांत तर एकदाही नाही. मिनिटबाईंना याचा कोण अभिमान. आपला हात इतका बसलाय की गाळणीसुद्धा फाटायला घाबरते, असं त्या डबा खाताना सांगत आणि वर स्वतःच हसत.

हा कागद पुढे आलेखवाल्याकडे जाई. आलेखवाला म्हणजे पलीकडच्या खोलीतला चाळिशीचा माणूस. बाटलीतल्या पाण्यात औषध नेमकं किती, हे त्याचं यंत्र मोजून आलेखावर काढी. त्याच्यावर होत्या मॅडम. बारा वर्षांपूर्वी त्या शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा त्यांना सिरिंजमध्ये बुडबुडा न येऊ देता पाणी ओढता येत नव्हतं. मिनिटबाईंनी त्यांना आठवडाभर नुसतं पाणी ओढायला लावलं होतं. आता मॅडम विभागप्रमुख होत्या, पण बाईंनी केलेली टिक त्या कधी तपासत नसत. "बाईंनी बघितलंय ना? मग झालं," एवढंच म्हणत आणि सही करत.

तीन वर्षं मॅडमच्या डोक्यात एकच विषय होता. एका झाडाच्या सालीतून निघणारी एक कडू, पिवळी भुकटी. सांध्यांच्या सुजेवर ती गुणकारी आहे याची चिन्हं काचेच्या बशीतल्या पेशींवर चांगली दिसली होती. पण भुकटीला पाण्याचं भारी वावडं. पाण्यात टाकली की वर तरंगत राही, घरातल्या रुसलेल्या माणसासारखी. तासाभरात शंभरातले जेमतेम चार भाग विरघळत. म्हणजे माणसानं मूठभर खाल्ली तरी रक्तात चिमूटभर उतरायची मारामार. प्रयोगशाळेत सगळे तिला 'पिवळी' म्हणत, आणि मॅडम तिच्याबद्दल वाया गेलेल्या पण हुशार भाचीबद्दल बोलावं तसं बोलत.

"तिच्यात गुण आहेत हो बाई. फक्त तिला चारचौघांत मिसळता येत नाही."

"मग शिकवा की. तुम्हाला नाही का शिकवलं मी?"

मॅडमनी शिकवायचा चंगच बांधला. पिवळी पाण्यात कालवून बारीक मण्यांच्या चक्कीत तासन् तास दळायची, इतकी की एकेक कण केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाएवढा व्हावा. कण जितका लहान तितकं पाणी त्याला जास्त बाजूंनी भिडतं. कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात एक सांभाळणारा पदार्थ घालायचा, मग ते वाळवून कॅप्सूलमध्ये भरायचं. दोन वर्षं नुसते हेलपाटे झाले. आकडा चारावरून अकरावर, अकरावरून तिसावर रखडत गेला. आणि मग एका सकाळी आलेखवाला कागद हातात धरून, चक्क धावत, मिनिटबाईंच्या खोलीत आला.

"चौऱ्याण्णव! बाई, चौऱ्याण्णव टक्के!"

मॅडम खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मग त्यांनी मिनिटबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्या हातचा आहे हा आकडा."  खोटं कशाला सांगा, त्या दिवशी घरी जाताना बाईंनी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा चौऱ्याण्णवची गोष्ट सांगितली. ती बिचारी दोन थांबे आधीच उतरली.

आता पुढची पायरी होती धडधाकट स्वयंसेवकांना कॅप्सूल देऊन त्यांच्या रक्तात पिवळी किती उतरते ते पाहायची. किती मात्रा द्यायची हे त्या चौऱ्याण्णववरूनच ठरणार होतं. महिन्याभरानं, एका शुक्रवारी, फाईल वर जायची होती. संधी एकच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंसेवकांत पिवळी फसली, तर तिची रवानगी कपाटात, आणि अशा कपाटातून परत कोणी बाहेर आल्याचं मिनिटबाईंनी पाहिलं नव्हतं.

हे सगळं झालं आणि इकडे मिनिटबाईंनी स्वतःची एक गोष्ट पोटात दडवली होती. त्यांना नीट दिसत नव्हतं.

एकदम नाही, दोन वर्षांत हळूहळू. आधी बसची पाटी. मग सुईत दोरा. मग संध्याकाळी दिव्यांभोवती गोल गोल कडी दिसायला लागली, आणि त्यांनी दिव्यांनाच नावं ठेवली, हल्लीचे दिवेच असले म्हणून. यंत्राची त्यांना अडचण नव्हती. आकडे मोठे होते, सिरिंजवरच्या खुणा बोटांना पाठ होत्या. पण मोतीबिंदू आहे म्हटलं की दिव्याचं खोकं आपल्याकडून काढून घेतील, ही धास्ती त्यांना खात होती. आणि दिवा गेला म्हणजे सही गेली. मग उरलं काय? नुसतं पाणी ओढणं, तेही रोज कोणाच्या तरी नजरेखाली. म्हणून त्या गप्प राहिल्या. सत्तावीस वर्षं सेकंदालाही न चुकलेली बाई या एका बाबतीत शाळा चुकवणाऱ्या पोरासारखी वागली.

घरी मात्र लपेना. यजमान बस चालवून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं आरशात बघून बघून त्यांची मान कायमची थोडी उजवीकडे वळलेली होती. एका सकाळी बाईंनी त्यांच्यासाठी चहा ओतला तो कपाच्या शेजारी. यजमान टेबलावरून ओघळणाऱ्या चहाकडे शांतपणे बघत राहिले.

"अगं, हे टेबल चहा पितं हे मला माहीत नव्हतं."

"धक्का लागला."

"कोणाला? मी तर इथे बसलोय. कपडे कर. डॉक्टरकडे जायचंय."

त्यांच्यापुढे बाईंचं काही चाललं नाही. घरचं काम आहे असं सांगून त्यांनी तीन आठवड्यांची रजा टाकली, आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा दोन महिन्यांनी करायचा ठरला.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी घरात जो काही गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. बाई दारातून आत आल्या आणि थबकल्या. ज्या पडद्यांना त्या दोन वर्षं बदामी समजत होत्या ते पांढरे निघाले. ओट्यामागच्या फरशांवर तेलकट पुटं चढली होती, पंख्याच्या पात्यांवर धुळीच्या झालरी लोंबत होत्या. आणि मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं.

"अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," यजमान म्हणाले. "मुद्दामच सावकाश झालो. तुला धक्का नको म्हणून."

बाई खो खो हसल्या आणि मग लगेच रडल्या. डॉक्टरांनी रडायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही असं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी यजमान बाहेरून आले तर बाई काळा चष्मा लावून, स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या. मी वाकले कुठे, मी तर वर चढले, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर जे भांडण झालं ते दोघांनाही मनापासून आवडलं असावं, कारण ते दोन दिवस पुरलं. त्या तीन आठवड्यांइतक्या खूश बाई कित्येक वर्षांत नव्हत्या. खिडकीत बसून त्या समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजत, एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून. डाव्या डोळ्यानं जग चहाच्या रंगाचं. उजव्यानं धुतल्यासारखं.

सोमवारी त्या कामावर परतल्या. फाईल त्याच आठवड्याच्या शुक्रवारी जायची होती.

बुधवारी यंत्र रिकामं होतं, म्हणून त्यांनी फडताळ आवरायला काढलं. प्रत्येक प्रयोगाच्या बाटल्या काही महिने राखून ठेवायची पद्धत होती. चौऱ्याण्णवच्या बाटल्यांचा ट्रे पुढेच होता. एखाद्यानं बक्षिसाचा कप उचलून बघावा तशी त्यांनी त्यातली एक उचलली आणि सहज, काही कारण नसताना, दिव्यासमोर धरली.

दिव्याचा झोत बाटलीतून आरपार जायला हवा होता. तो आत थांबला. पाण्यात एक पिवळसर धूर भरून राहिला होता, अगदी विरळ.

बाईंनी बाटली पुसून पुन्हा धरली, धूर तसाच. पण त्या जुन्या खोडाच्या. थंड झाल्यावर विरघळलेलं पुन्हा बाहेर पडू शकतं, एवढं त्यांना कळत होतं. राखून ठेवलेली बाटली काही पुरावा नव्हे. त्यांनी दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली, छत्तीस बाटल्या पाहिल्या. छत्तीसही तशाच. मग त्यांनी डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटला. धूर गेला. बाटली स्वच्छ, पिवळी, सुंदर. कागदावर छत्तीस टिका होत्या त्या पहिल्या रकान्यात, एकाखाली एक, ठसठशीत, आणि खाली त्यांची सही.

संध्याकाळी त्या घरी गेल्या त्या मुक्या होऊनच. यजमानांनी दोनदा विनोद केला, दोन्ही वाया गेले. तिसऱ्यांदा त्यांनी सरळ विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, बाटली, धूर, शुक्रवार, मॅडम, सगळं.

"कदाचित थंडीनं झालं असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नाही बोलले तर कोणाला कळणारही नाही. त्या बाटल्या पुढच्या महिन्यात टाकूनच देतात."

यजमानांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी एवढी वर्षं बस मागे घेतली. आरशात कोणी दिसलं नाही म्हणून मागे कोणी नाहीच, असं मी कधी धरलं नाही. खाली उतरून बघायचो. लोक मागून शिव्या द्यायचे, तरी उतरायचो."

"दिवा काढून घेतील हो माझ्याकडून."

"घेतील."

एवढंच बोलून ते ताटं मांडायला उठले. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे, आणि बाईंना तो चालतही नसे.

गुरुवारी त्या नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या. चौऱ्याण्णवच्याच गटातल्या सहा कॅप्सूल कपाटात राखीव होत्या. त्यांनी पाणी तापवलं, वल्ही चालू केली, कॅप्सूल सोडल्या. पाचवं मिनिट, दहावं मिनिट. पंधरावं, तिसावं, पंचेचाळिसावं. साठाव्या मिनिटाची पहिली बाटली हाताला अजून ऊन लागत असतानाच त्यांनी दिव्यासमोर धरली. डावा डोळा: स्वच्छ. उजवा डोळा: धूर.

आता थंडीचं नावही घ्यायची सोय राहिली नाही. त्यांनी नवा कागद घेतला, पेन घेतलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या रकान्यात टिक केली. साठाव्या मिनिटाच्या सहाही बाटल्यांपुढे. मग ती ऊन बाटली मुठीत धरून त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. टेबलावर फाईल होती, दोरी बांधून तयार.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या. मॅडम मॅडम झाल्यापासून त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. "माझ्या हातून मोठी चूक झालीय. फाईल पाठवू नकोस."

मॅडमनी ऐकून घेतलं. मोतीबिंदूचं, रजेचं खरं कारण, छत्तीस बाटल्या, सकाळचा प्रयोग. मग त्या उठल्या, बाटली घेऊन स्वतः खोक्यापाशी गेल्या आणि दिव्यासमोर धरली. बराच वेळ पाहिलं. परत येऊन त्यांनी ती फाईलवर ठेवली.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं तुम्हाला नीट दिसत नव्हतं, बाई? आणि तुम्ही रोज त्या दिव्यासमोर उभ्या राहून टिका करत होतात? मी डोळे मिटून सही करत होते त्याच्यावर!"

बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या.  आवाज चढल्यामुळे आलेखवाला दारात येऊन उभा राहिला.

मग मॅडम अचानक थांबल्या. खुर्चीत बसल्या आणि बाटलीकडे बघत राहिल्या, वेगळ्याच तऱ्हेनं.

"गाळणीची भोकं केवढी आहेत?" त्यांनी आलेखवाल्याला विचारलं.

त्यानं आकडा सांगितला.

"आणि नवीन दळणातला कण?"

आलेखवाल्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कण भोकाच्या निम्म्यानंही नव्हता.

इतकं साधं होतं. गाळणी जुन्या, जाडसर दळणासाठी निवडलेली. मॅडमनी पिवळीला इतकं बारीक दळलं, की ती न विरघळताच गाळणीतून खाली आली आणि विरघळलेल्यांच्या रांगेत जाऊन बसली. आलेखवाल्याच्या यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? त्याच्या आत गेल्यावर ती ज्या द्रवात पडते त्यात कोणीही विरघळतं. त्यानं मोजलं तेवढं सांगितलं. भुकटी दळण्यात सगळे इतके रंगले, की गाळणी बदलायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ही चूक पकडायला अख्ख्या प्रयोगशाळेत एकच जागा होती, तो दिवा. आणि दिव्यासमोर होत्या मिनिटबाई.

"गाळणी मी बदलायला हवी होती," मॅडम हळूच म्हणाल्या. रागावण्यातली मजाच गेली होती. त्यांनी फाईलची दोरी सोडली.

त्याच दुपारी अतिबारीक भोकांची गाळणी लावून पुन्हा सगळं केलं. आकडा आला एकसष्ट. चौऱ्याण्णववरून एकसष्टवर उतरणं कसं असतं ते ज्यानं पायरी समजून हवेत पाय टाकलाय त्यालाच कळेल.  त्या दिवशी चहा तसाच गार झाला.

दिव्याचं काम बाईंकडून गेलं. मॅडमनी ते आलेखवाल्याला दिलं, आणि ते बरोबरच होतं, हे बाईंनी स्वतः यजमानांना सांगितलं. तरी पहिले काही दिवस वाईट गेले. बाटल्या भरून त्या ट्रे पुढे सरकवत आणि मग हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नसे. कोणी टोमणा मारला नाही. नुसत्या टोमण्यांची वाट बघण्यातच त्यांचा निम्मा जीव गेला. दोन महिन्यांनी डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, आणि या खेपेला त्यांनी रजेच्या अर्जावर 'मोतीबिंदू' असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

परत आल्यावर त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मॅडमकडे गेल्या. दिवा मागायला नव्हे. "एक नियम करा," त्या म्हणाल्या. "दिव्यासमोर जो बसेल त्याचे डोळे दर वर्षी तपासायचे. आणि बाटली एकानं नाही, दोघांनी बघायची, एकमेकांना न विचारता. दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्यानं."

मॅडमनी चिठ्ठी वाचली, बाईंकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी काळ्या खोक्यासमोर एकाऐवजी दोन खुर्च्या होत्या. कागदावर दोन ओळी वाढल्या होत्या, एक पहिल्या बघणाऱ्यासाठी, एक दुसऱ्यासाठी. दुसऱ्या ओळीपुढे बाईंचं नाव होतं. खरं नाव. ते कोणाचं हे कळायला आलेखवाल्याला क्षणभर लागलंच.

एकसष्ट हा काही फेकून द्यायचा आकडा नव्हता. चारावरून एकसष्ट म्हणजे कुठल्या कुठे. आणि तो खरा होता, त्यामुळे त्याच्यावर पाय रोवून पुढे जाता येत होतं. आता मॅडमना कळत होतं की पिवळी नुसती लहान करून भागत नाही. विरघळलेली पिवळी थोड्या वेळानं पुन्हा गोळा होऊन बाहेर पडते, तिला पाण्यात धरून ठेवायला हवं. त्यांनी एक चिकट पदार्थ आणला, तोही झाडाच्याच खोडापासून केलेला. मग पुन्हा दळण, पुन्हा वाळवण, पुन्हा सहा भांडी. चार महिने गेले. मिनिटबाई मिनिटं मोजत होत्या आणि आकडा रडतखडत, पण खराखुरा, सरकत होता.

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी खोलीत नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. चांगलं काही होणार असलं की लोकांना बरोबर वास लागतो. साठावं मिनिट संपलं. आलेखवाल्यानं त्या मिनिटाच्या सहा बाटल्या पाहिल्या आणि आपल्या ओळीत सहाही टिका पारदर्शकमध्ये केल्या. मग बाई बसल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. सहावी त्यांनी परत घेतली. एक डोळा मिटून पाहिली, दुसरा मिटून पाहिली, दोन्ही उघडून पाहिली. आणि आपल्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात, टिक केली.

 आलेखवाल्यानं बाटली पुन्हा हातात घेतली. "मला तर स्वच्छ दिसतेय," तो म्हणाला. भला माणूस. त्याचा आवाज अगदी विनवणीचा होता.

नियमाप्रमाणे मॅडमना बोलावलं. त्या आल्या, कागद पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि पेन काढलं.

"बाई गढूळ म्हणतात ना? मग गढूळ."

किती महिने बाईंना हे वाक्य ऐकायचं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.  पण त्यांनी पुढे होऊन मॅडमच्या पेनवर हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आधी बघा."

"अहो, तुमच्यावर माझा विश्वास आहे."

"तो मागच्या वेळीही होता. बघा."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं, पदर खोचून कामाला बसावं तशा खुर्चीत बसल्या आणि बाटली दिव्यासमोर धरली. बुडाशी, अगदी बुडाशी, एक विरळ पिवळी रेष हलत होती.

"गढूळ," मॅडम म्हणाल्या, आणि आता लिहिलं.

सहाव्या गाळणीला केसाएवढी चीर गेली होती. सिरिंजमध्ये उरलेलं पाणी नव्या गाळणीतून गाळलं तर ते इतकं स्वच्छ आलं की आलेखवाल्यानं सुटकेचा श्वास टाकला. झाला प्रकार कागदावर तसाच्या तसा नोंदवला गेला. आकडा आला त्र्याऐंशी. फाईल गेली, आणि पुढे स्वयंसेवकांच्या रक्तात पिवळी साध्या भुकटीच्या सहापट उतरली. पण ते कळायला अजून अवकाश होता.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा यजमान दारातच उभे होते.

"किती?"

"त्र्याऐंशी. आणि एक गढूळ."

"कोणी पकडली?"

"मी," मिनिटबाई म्हणाल्या. चप्पल काढता काढता त्यांनी पुढचंही सांगितलं. "आणि मग मॅडमना बघायला लावली."